जुन्या जिप्सीचं तेल गळणं: सील बदलूनही थांबत नसेल तर कुठं बघायचं आणि पार्ट कसे आणायचे

जिप्सीच्या ट्रान्सफर केसचं (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) मागचं ऑइल सील दोन वर्षांत तीन वेळा बदललं. पहिल्यांदा दिवाळीच्या आधी, दुसऱ्यांदा जूनच्या तोंडावर, तिसऱ्यांदा परत थंडीत, आणि तिसऱ्यांदा बदलल्यावर पाच आठवड्यांनी पोर्चमधल्या शहाबादी फरशीवर त्याच जागी तोच रुपयाएवढा डाग. त्या दिवशी ठरवलं की आता चौथं सील आणायचं नाही, आधी हे का गळतंय ते शोधायचं. पुढं जे सापडलं ते सगळं सविस्तर लिहितोय, कारण आपल्या सातारा-सांगलीकडं अजून किती जणांकडं जुन्या जिप्सी आणि जुन्या जीप आहेत आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, "सील नवीन टाकलं ओ, तरी गळतंय."

गाडी १९९८ची जिप्सी किंग, तेराशे सीसी, कार्ब्युरेटरवाली, मीटर दोन लाख अडुसष्ट हजारच्या पुढं गेलंय. वडिलांनी घेतलेली. आम्ही साताऱ्यात राहतो पण शेत आणि जुनं घर बामणोलीच्या अंगाला, म्हणजे यवतेश्वरचा घाट चढायचा, कासवरनं पलीकडं उतरायचं आणि शेवटचा रस्ता जून ते सप्टेंबर नुसता राडा असतो, मधे एक ओढा आडवा येतो, तिथं फोर व्हील टाकल्याशिवाय गाडी निघत नाही. गावात रात्री कुणाला बरं नसलं तर हीच गाडी काढतो. त्यामुळं ही विकून दुसरी घ्या वगैरे सल्ला मला नको होता, मला फक्त ती पावसाळाभर भरवशाची हवी होती.

मार्चमधे गाडीखाली पोतं टाकून झोपलो आणि जिथं जिथं ओलं दिसलं ते वहीत लिहिलं. टॅपेट कव्हर (इंजिनचं वरचं झाकण) मागच्या बाजूला ओलं. बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं कव्हर, ज्यात क्लच असतो) खालून थेंब. ट्रान्सफर केस मागून. पुढच्या उजव्या नकलमधून (स्टिअरिंगनं चाक जिथं वळतं तो सांधा) काळं, पातळ झालेलं ग्रीस. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूनं टायरवर ओघळ. स्टिअरिंग बॉक्स खालून जरासा ओला. आणि रेडिएटरच्या खालच्या पाईपपाशी हिरवट पांढरी खपली. सात ठिकाणं झाली. जे मिस्त्री नेहमी गाडी बघतात त्यांनी वाकून एकदा टॉर्च मारला आणि म्हणाले, "दादा, इंजिनाचं मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागंल, आणि एवढं रनिंग झालंय तर मी म्हणतो इंजिनच खोलून घ्या." माणूस अनुभवी आहे, मुद्दाम खर्चात पाडणारा नाही, पण तेलानं माखलेल्या गाडीकडं बघून कुणालाच नक्की सांगता येत नाही हे मला नंतर कळलं.

म्हणून पहिलं काम, गाडी धुणे. वरनं नाही, खालनं. डिझेल आणि जुना रंगाचा ब्रश घेऊन इंजिनची मागची बाजू, बेलहाउसिंग, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफ्रन्शियल सगळं घासलं, मग पाण्याचा प्रेशर मारून घेतला (डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटर आणि ब्रीदरच्या तोंडावर प्लास्टिक पिशवी बांधा, तिथं पाणी घुसलं तर नवीन दुखणं मागं लागतं). एक दिवस उन्हात वाळवली. मग साधी टाल्कम पावडर घेऊन संशय असलेल्या प्रत्येक जॉइंटवर भुरभुरवली आणि यवतेश्वरला जाऊन परत आलो, घाट असल्यामुळं इंजिन, गिअरबॉक्स सगळं नीट तापतं. घरी येऊन खाली मोठा पुठ्ठा अंथरला, चारही चाकं कुठं येतात त्याच्या खुणा केल्या आणि टॉर्च घेऊन परत खाली गेलो. पांढऱ्या पावडरवर तेलाची ओली रेघ इतकी स्पष्ट दिसते की बोट ठेवून वरपर्यंत जाता येतं. तेल खाली वाहतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागं सरकतं, त्यामुळं थेंब जिथं पडतो तिथं गळती नसते, ती त्याच्या वर आणि पुढं कुठंतरी असते. पावडरीची वरची आणि पुढची कड जिथं ओली झाली ती खरी जागा.

पुठ्ठ्यावरचे डाग नाकानं ओळखायचे. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. इंजिन ऑइल काळं, बोटांत गुळगुळीत, वास जळका. ब्रेक ऑइल पातळ, जवळजवळ बिनरंगी आणि रंगावर पडलं तर रंग उचलतं, ते दिसलं की गाडी जागची हलवायची नाही. कूलंट वाळून खपली धरतो. एवढं केलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

आता इंजिनच्या मागच्या सीलचं काय झालं ते सांगतो, कारण इथं माझे बरेच पैसे वाचले. बेलहाउसिंगखाली थेंब होता हे खरं. पण पावडरीची ओली रेघ वर वर जात हेडच्या मागं पोचली. या कार्ब्युरेटरवाल्या किंगला डिस्ट्रिब्युटर हेडच्या मागच्या टोकाला असतो, कॅमशाफ्टवर फिरणारा, त्याच्या गिअरची छोटी केस हेडला बोल्ट केलेली असते. त्या केसचं पॅकिंग आणि डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग दोन्ही दगडासारखी झाली होती. तिथनं निघालेलं तेल हेडच्या मागनं उतरतं, बेलहाउसिंगच्या पाठीवरनं गोल फिरतं आणि बरोबर तिथं थेंब होऊन लोंबतं जिथं मागचं सील गेल्यावर लोंबतं. त्यात टॅपेट कव्हरचं रबर मागच्या कोपऱ्यात कडक झालेलं, त्याची भर. बेलहाउसिंगच्या खालचा पत्रा सोडून आत टॉर्च मारला तर फ्लायव्हीलच्या आसपास कोरडं, धूळ सुद्धा सुकी. मागचं सील खरंच गेलं असतं तर आत फ्लायव्हीलनं उडवलेल्या तेलाचा चट्टा दिसला असता आणि चढाला क्लच घसरला असता. दोन्ही नव्हतं. म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचं काम एका पॅकिंगवर आणि एका ओ-रिंगवर आलं. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी रोटरची दिशा आणि बॉडीची जागा रंगानं मार्क करा, परत बसवल्यावर टायमिंग लाइटनं चेक करा, आणि ती केस काढली असेल तर बसवताना आत थोडं इंजिन ऑइल ओतून मगच स्टार्टर मारा, नाहीतर गिअर कोरडे फिरतात. टॅपेट कव्हरचे नट जोर लावून आवळायचे नाहीत, त्याखालची रबरी वायसरं पण नवी घ्या, पत्रा एकदा वाकला की कितीही चांगलं पॅकिंग टाका, कोपऱ्यातनं झिरपतंच.

पण पॅकिंग बदलण्याआधी अजून एक गोष्ट बघायची, आणि माझ्या मते सगळ्या जुन्या गाड्यांत हीच सगळ्यात दुर्लक्षित आहे. इंजिनच्या पोटातला दाब. रनिंग जास्त झालं की रिंगांच्या बाजूनं थोडा गॅस खाली चेंबरमधे (इंजिनच्या तेलाच्या टाकीत) येतोच, तो बाहेर पडायला ब्रीदर पाईप आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह दिलेला असतो. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला तर आतला दाणा खुळखुळला पाहिजे. माझा मुका. काळ्या काजळीनं गच्च. म्हणजे गॅसला वाट नाही, मग तो जिथं पॅकिंग मऊ तिथनं तेल घेऊन बाहेर पडणार. नवा व्हॉल्व्ह टाकला, पाईप आतनं साफ केला, मग इंजिन स्लोवर ठेवून तेलाचं झाकण ढिलं केलं तर भकभक येणारा धूर बऱ्यापैकी कमी झाला. कॉम्प्रेशन पण मोजून घेतलं, चारही सिलिंडर जवळजवळ सारखे आले, म्हणून इंजिन खोलायचा विषय मी वहीतनं खोडला. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली आला असता तर मात्र गोष्ट वेगळी होती, तेव्हा बाहेरनं कितीही सीलं बदलली तरी पैसा वायाच.

आता ट्रान्सफर केस. ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं.

जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, वेगळी लटकलेली असते, मधे छोटा शाफ्ट. आत तेल एक लिटर पण मावत नाही. त्यामुळं "थोडंसं गळतंय, चालायचंच" असं इथं म्हणता येत नाही, रोजची थोडी थोडी गळती साठत जाऊन लेव्हल खाली आणते आणि बाहेरनं कळायला काही मार्ग नाही, एकदम आवाजच येतो.

तीन वेळा सील गेलं त्याला एक कारण नव्हतं, तीन होती, आणि तिन्ही एकाच वेळी. पहिलं, ब्रीदर. पाईप उपसून तोंडानं फुंकलं तर फुंकर आत जाईना. गेल्या पावसाळ्यात ओढ्यात गाडी जवळजवळ बंपरपर्यंत गेली होती, तिथला गाळ आत बसून वाळला होता. केस तापली की आतली हवा फुगते, ब्रीदर बंद असेल तर ती सीलच्या ओठातनं (शाफ्टवर टेकणारी रबराची कड) निघते, तेल घेऊन. आणि उलटं पण होतं, तापलेली केस किंवा तापलेलं हाउजिंग (डिफ्रन्शियल आणि अॅक्सलचं कवच) एकदम ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढते. ड्रेन बोल्ट सोडल्यावर तेल ताकासारखं पांढरट निघालं तर हेच झालंय समजा. मी दोन्ही हाउजिंगचे आणि ट्रान्सफर केसचे ब्रीदर नव्या तेल-रोधक पाईपनं वर बॉनेटखाली आणि मागं टेललाइटच्या उंचीला नेऊन बांधले, टोकाला उलटा वळवून छोटा पेट्रोल फिल्टर लावला. सगळा खर्च एका सीलच्या मजुरीपेक्षा कमी आला.

दुसरं कारण म्हणजे फ्लँज, म्हणजे मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट जिथं बोल्टनं जोडतात तो गोल तुकडा. सील ज्या जागेवर घासतं तिथं वर्षानुवर्षं एकाच रेषेत घासून खाच पडते. नवं सील त्याच खाचेवर बसतं, ओठ टेकतच नाही नीट, दोन-चार आठवडे नवीन रबराच्या ताणावर निघतात आणि मग परत चालू. नखाची टेस्ट सगळ्यात सोपी, फ्लँज पुसून नख आडवं ओढायचं, अडकलं की फ्लँज कामाचा नाही. माझा अडकला.

तो घेऊन एमआयडीसीत लेथवाल्या काकांकडं गेलो. हंगामात त्यांच्याकडं पाय ठेवायला जागा नसते, ऊस ट्रॉल्यांचे हब आणि अॅक्सल रात्री उशिरापर्यंत चालू, म्हणून मुद्दाम कारखाने बंद झाल्यावर एप्रिलमधे गेलो होतो. त्यांनी फ्लँज चकमधे धरला, डायल लावून आधी तो वाकलेला नाही ना ते बघितलं, मग त्यांचं नख ओढलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "नख थांबतंय नव्हं? मग सीलानं तरी काय करावं." सीलची जागा थोडी उतरवून त्यावर पातळ स्लीव्ह दाबून बसवली आणि मूळ मापाला आणली. शेवटी एक गोष्ट त्यांनी केली जी मला आधी कुणी सांगितली नव्हती. टूलनं फिनिश केल्यावर चकाकत होतं सगळं, मला वाटलं झालं, पण त्यांनी भिंग दिलं हातात. त्या चकाकीत बारीक आटे दिसत होते, स्क्रूसारखे. म्हणाले, "ह्या रेघा ऱ्हायल्या तर फिरताना तेल बाहेर पंप करत्यात, दिसायला गुळगुळीत पण गळती थांबणार न्हाई." मग बारीक पॉलिश पेपरची पट्टी आडवी न सरकवता एकाच जागी धरून त्या रेघा मोडल्या.  तुम्ही कुठंही काम करून घ्या, हे नक्की सांगा.

खाच एकदम हलकी असेल तर लेथची गरज नाही, नवं सील पूर्ण आत न ठोकता मिलिमीटर-दीड मिलिमीटर बाहेर ठेवलं की ओठ ताज्या जागेवर येतो, पण सीलच्या मागं तेवढी जागा आहे का ते आधी बघायचं.

तिसरं कारण प्ले. फ्लँज हातात धरून वर-खाली हलवला तर किंचित हालत होता, म्हणजे बेअरिंग ढिलं. वर मागच्या प्रोपेलर शाफ्टचा एक जॉइंट क्रॉस कोरडा पडून खडखडत होता आणि ट्रान्सफर केसचं एक रबर माउंटिंग फाटलेलं. शाफ्ट थरथरतो, केस लटलट हालते, सीलचा ओठ दर फेरीला एका बाजूनं चेपतो. अशा जागी जगातलं कुठलंही सील टिकणार नाही. म्हणून बेअरिंग, क्रॉस, तिन्ही माउंटिंग आणि सील, एकदम. बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडं, ओठाला तेल किंवा ग्रीसचा हात, आणि हातोडीचा घाव सरळ सीलवर नाही, त्याच मापाचा प्लास्टिक पाईपचा तुकडा किंवा मोठी गोटी (पान्याचा सॉकेट) ठेवून चारी बाजूनं सारखं. फ्लँजच्या आतल्या आट्यांतनं पण तेल झिरपून नटाखालनं बाहेर येतं आणि वाटतं सील गळतंय, म्हणून आट्यांना आणि नटाखाली सीलंटचा पातळ हात द्या. आणि हो, प्रोपेलर शाफ्ट सोडला की गाडी गिअरमधे टाकून काही उपयोग नसतो, मागच्या चाकांना गिअर धरून ठेवत नाही. चाकांना दगड लावल्याशिवाय आणि घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय खाली जाऊ नका. जॅकवरच्या गाडीखाली तर अजिबात नाही.

पुढच्या नकलचं पण असंच फसवं असतं. बाहेरचं गोल सील, फेल्ट आणि पट्टी सगळे बदलतात कारण ते डोळ्याला दिसतं. पण माझ्या नकलमधनं येणारं ग्रीस पातळ होतं, गंधकाच्या वासाचं, आणि पुढच्या डिफ्रन्शियलची लेव्हल कमी भरली. म्हणजे आतलं, अॅक्सल ट्यूबमधलं सील गेलंय, हाउजिंगचं तेल नकलमधे शिरून ग्रीसचा काला झालाय आणि तो बाहेर येतोय. बाहेरचं सील कितीही भारी टाका, पातळ काला थांबवायचं त्याचं कामच नाही. चाक उचलून वर-खाली हलवून बघा, हालत असेल तर दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिनची (नकल ज्यावर वळते त्या खुंट्यांची) बेअरिंगं. माझी किंगपिनची गेली होती, त्यामुळं नकल वाकडी बसून सीलची एक बाजू सैल. नकलच्या आतल्या गोळ्यावर, जिथं सील घासतं, गंजाचे खड्डे होते ते बारीक पॉलिश पेपरनं सपाट केले, खोल होते ते इपॉक्सीनं भरले.

मागच्या डाव्या चाकाचं खरं तर मी सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं. गेल्या जुलैत गावाकडनं चुलतीला घेऊन येत होतो, पाऊस, धुकं, यवतेश्वरच्या उतारावर ब्रेक दाबला तर गाडी उजवीकडं ओढली. वेग कमी होता म्हणून सावरली. चुलती काही बोलली नाही, फक्त पुढच्या दांडीला धरलेला हात सोडला नाही घर येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी ड्रम काढला तर डावे शू गिअर ऑइलमधे भिजलेले. अॅक्सलचं सील. तेव्हा शू पेट्रोलनं धुऊन, घासून परत घातले, ते चूक होतं, तेल पिलेलं लायनिंग कधीच पूर्ण सुकत नाही, तापलं की परत वर येतं. शू टाकूनच द्यायचे, आणि दोन्ही बाजूंचे नवे घालायचे. आतलं सील बदलताना बॅकप्लेटचे नट सोडून शाफ्ट बाहेर येतो, त्याच वेळी बेअरिंग हातानं फिरवून बघा, खरखर असेल तर तेही. फक्त ते दाबून बसवलेल्या रिंगेनं अडकवलेलं असतं, ती कापावी लागते आणि नवी प्रेसनं बसवावी लागते, तेव्हा प्रेस कुठं आहे ते आधी ठरवून ठेवा. आणि लेव्हल. हाउजिंग वरपर्यंत भरलेलं असलं तर जास्तीचं तेल ट्यूबमधनं चाकाकडंच जातं. फिलर बोल्टच्या ओठापर्यंत, बास. फिलर नेहमी आधी उघडायचा आणि मग ड्रेन. फिलर जाम निघाला आणि खालनं तेल सोडून बसलात तर गाडी तिथंच.

आता पार्ट आणायचं कसं ठरवलं ते. पूर्वी मी गळती धरून पार्ट आणायचो, हे गळतंय, ह्याचं सील आण. त्यामुळं तीच जागा परत परत उघडायची, मजुरी परत परत. आता उघडणं धरून यादी करतो. म्हणजे ट्रान्सफर केस खाली उतरली की त्यात काय काय हाताला लागतं, ते सगळं एका ओळीत. तिन्ही बाजूंची सीलं, मागचं बेअरिंग, माउंटिंग रबरं, ब्रीदर पाईप, तेल. नकल उघडलं की आतलं सील, बाहेरचा किट, किंगपिन बेअरिंग, व्हील बेअरिंग, हबची पॅकिंगं. मागचं चाक उघडलं की सील, शू, व्हील सिलिंडरची किट. पुढं टायमिंग बेल्टचं कव्हर निघालं की बेल्ट, टेन्शनर, क्रँकचं पुढचं सील, कॅमचं सील आणि वॉटर पंपही तिथंच येतो. आणि उद्या कधी क्लचसाठी गिअरबॉक्स उतरलाच तर तेव्हा इंजिनचं मागचं सील, गिअरबॉक्सचं पुढचं सील आणि रिलीज बेअरिंग घालणार, ती ओळ वहीत वेगळी, आत्ता पार्ट आणायचे नाहीत कारण सील वर्षानुवर्षं डब्यात पडून राहिलं की त्याचं रबर कडक होतं.

क्रम ठरवताना मी तीनच प्रश्न विचारले. थांबवण्याचं काम बिघडतंय का, म्हणजे मागचं चाक, ते पहिलं. तेल संपून काही जाम होईल का, म्हणजे ट्रान्सफर केस आणि डिफ्रन्शियल, ते दुसरं. नुसतं ओलं आहे का, म्हणजे स्टिअरिंग बॉक्स, त्याला थांबता येतं. रेडिएटरचा पाईप आणि क्लिप तर त्याच दिवशी बदलली, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

जिप्सी सामान्य ग्राहकांसाठी २०१९ पर्यंत मिळत होती आणि लष्कराकडं तर भरपूर होत्या, त्यामुळं पार्ट मिळतात अजून, पण सगळे एका दुकानात नाहीत. साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास जे मिळालं ते घेतलं, बाकीचं पुण्यात नाना पेठेत एक फेरी मारून. दुकानात जाताना जुना पार्ट धुऊन पिशवीत घालून न्या, सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते ती वाचून तिन्ही आकडे वहीत लिहा, कारण "किंगचं द्या" म्हटल्यावर जुन्या हजार सीसीचं पण हातात पडू शकतं. सील विकत घेताना ओठ बोटानं दाबून बघा, लवचिक पाहिजे, मागची स्प्रिंग जागेवर पाहिजे. नवीन पार्ट घरी आल्यावर लगेच जुन्यावर ठेवून जुळवा, गाडी खोलल्यावर नाही. बेअरिंग आणि क्रॉस स्वस्तातले घेऊ नका, ते गेले की सील परत जातं आणि परत पहिल्यापासून. गिअरबॉक्सला जीएल-४ आणि डिफ्रन्शियलला जीएल-५, हे डबे वेगळे ठेवा, बॉक्समधल्या पितळी रिंगांना चुकीचं तेल मानवत नाही. गळती थांबवायची जी बाटलीतली औषधं मिळतात ती मी वापरली नाहीत, ती रबर फुगवून थोडे दिवस काढतात पण झिजलेला फ्लँज आणि ढिलं बेअरिंग काही भरून काढत नाहीत. पॅकिंगला लावायचं सिलिकॉन पण बेताचं, आत पिळून गेलेला तुकडा चेंबरच्या जाळीवर जाऊन बसला तर इंजिनचं तेल बंद होतं.

काम एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मे अखेर, सुट्टीच्या दिवसांत, टप्प्याटप्प्यानं केलं. एका वेळी एकच भाग उघडायचा आणि तो बंद करून, चालवून, पुठ्ठा बघूनच पुढचा. सगळं एकदम उघडलं असतं तर नवीन गळती कुठल्या कामातली ते कळलं नसतं. प्रत्येक टप्प्यानंतर शंभर किलोमीटरला नट परत आवळले आणि पाचशेला लेव्हल बघितल्या. मिस्त्रींनाच बोलावलं होतं मदतीला, ट्रान्सफर केस चढवताना त्यांनी फ्लँज हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "हे आधीच करायला पाहिजे होतं ओ आपण." खरंय.

जूनमधे भातलावणीला चार फेऱ्या झाल्या, ओढ्यातनं पण. प्रत्येक फेरीनंतर ब्रीदरची टोकं बघतो आणि ट्रान्सफर केसच्या फिलरला करंगळी घालून लेव्हल आणि तेलाचा रंग बघतो, दहा मिनिटांचं काम आहे. मागचे दोन्ही ड्रम काढून बघितले, कोरडे. फरशीवरचा तो डाग सोडा टाकून घासला, पूर्ण गेला नाही पण नवीन पडलेला नाही. स्टिअरिंग बॉक्सखाली अजून रात्रीतनं दोन थेंब येतात. त्याचं सील आणून ठेवलंय, ड्रॉप आर्म ओढायचा पुलर मिळाला की दसऱ्याच्या आसपास बसवणार आहे.